रुग्ण-सिम्युलेटरवर प्रसंग कसा उभा करावा : नागपूरच्या नर्सिंग शिक्षकांसाठी

वॉर्डात रुग्ण बिघडू लागतो तेव्हा नर्सिंगच्या विद्यार्थिनीच्या हाती निर्णय बहुधा राहत नाही. नाडी वाढते, श्वास उथळ होतो, आणि क्षणार्धात ड्यूटीवरची सिस्टर तिला बाजूला सारून पलंगाजवळ येते. रुग्णाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मात्र त्याचा परिणाम असा होतो की, नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा एम्स या रुग्णालयांच्या वॉर्डांत चार वर्षे पोस्टिंग करूनही "हा रुग्ण बिघडतो आहे, मला आता मदत बोलावली पाहिजे" हा निर्णय तिने स्वतःच्या जबाबदारीवर क्वचितच घेतलेला असतो. नोकरीच्या पहिल्याच नाइट ड्यूटीला तिच्याकडून नेमकी हीच अपेक्षा केली जाते. सिम्युलेटरचे, म्हणजे रुग्णासारख्या वागणाऱ्या सरावाच्या बाहुलीचे, खरे मोल ही पोकळी भरून काढण्यात आहे, म्हणून पुढील सर्व सूचना त्या एका निर्णयाभोवती बांधलेल्या आहेत. इंजेक्शन, कॅथेटर, राइल्स ट्यूब (नाकातून जठरात घालायची नळी) ही कौशल्ये शरीराच्या एकाच भागाच्या साध्या मॉडेलवर आधी पक्की करून घ्यावीत. ती येत नसतील तर विद्यार्थिनीचे सारे लक्ष हातांकडे राहते आणि रुग्णाकडे पाहायचे राहून जाते.

उपकरणांविषयी थोडक्यात

महागडे मॅनिकिन (पूर्णाकृती सरावाची बाहुली) नसल्यामुळे सिम्युलेशन करता येत नाही, ही समजूत सोडून द्यावी. १९११ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचारिका प्रशिक्षण शाळेत 'मिसेस चेस' ही पूर्णाकृती बाहुली आली. मार्था जेन्क्स चेस या बाहुल्या तयार करणाऱ्या बाईंनी ती बनवली होती. ती बोलत नव्हती, तिला श्वास नव्हता, तरीही रुग्णाची कूस बदलणे, त्याला उचलणे आणि कपडे बदलणे विद्यार्थिनी तिच्यावर शिकल्या. सीपीआरसाठी आजही जगभर वापरली जाणारी 'रेसुसी अ‍ॅन' १९६० मध्ये नॉर्वेतील आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने तयार केली. आजच्या उच्च क्षमतेच्या मॅनिकिनची छाती वरखाली होते, मनगटाशी नाडी लागते, फुप्फुसांचे आवाज बदलतात आणि माइकवरून शिक्षकाला रुग्णाच्या वतीने बोलता येते. हे सर्व उपयुक्त असले तरी एक साधे मॅनिकिन, रुग्ण-मॉनिटर दाखवणारे अ‍ॅप असलेला टॅब्लेट आणि पडद्याआडून बोलणारा एक तयारीचा शिक्षक एवढ्या सामग्रीवर बिघडणाऱ्या रुग्णाचा प्रसंग उत्तम उभा राहतो. निधी मर्यादित असेल तर तो यंत्रापेक्षा शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आधी खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

उद्दिष्ट एकच ठेवावे

नवीन शिक्षकांच्या हातून प्रसंगात फार काही कोंबले जाते. रुग्णाला मधुमेह असतो, त्याच वेळी हृदयविकाराचा झटका येतो, नातेवाईक भांडतात आणि ऑक्सिजनही संपतो. अशा प्रसंगातून विद्यार्थिनी घाबरून बाहेर पडते, शिकून नव्हे. प्रसंग लिहिण्यापूर्वी एक वाक्य कागदावर लिहावे : या वीस मिनिटांच्या शेवटी विद्यार्थिनीने काय केलेले मला डोळ्यांनी दिसले पाहिजे? "उष्माघाताचे ज्ञान वाढेल" हे वाक्य चालणार नाही, कारण ज्ञान डोळ्यांना दिसत नाही. "उन्हातून आणलेला, बरळणारा रुग्ण पाहिल्यावर विद्यार्थिनी पाच मिनिटांच्या आत शरीराच्या गाभ्याचे तापमान घेईल, कूलिंग सुरू करील आणि डॉक्टरांना नेमक्या शब्दांत बोलावील" हे वाक्य चालते.

उष्माघाताचेच उदाहरण घेण्याचे कारण उघड आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कॅज्युअल्टीत (आपत्कालीन विभागात) असे रुग्ण येतात, आणि येथील प्रत्येक विद्यार्थिनीला नोकरीत ते पाहावे लागणार आहेत. परदेशी पुस्तकातून उचललेल्या प्रसंगापेक्षा आपल्या गावातला रुग्ण विद्यार्थिनीच्या मनाला अधिक लवकर खरा वाटतो.

उष्माघाताचा प्रसंग, पायरीपायरीने

रुग्ण पन्नाशीतले बांधकाम मजूर. दुपारचे तीन वाजले आहेत. साइटवर भोवळ येऊन पडल्यामुळे पत्नी आणि सोबतच्या मजुराने त्यांना ऑटोतून आणले आहे. मॉनिटरवर नाडी १३२, रक्तदाब ९४/५८, श्वसन मिनिटाला २८, ऑक्सिजनचे प्रमाण ९६ टक्के. हाक मारल्यावर डोळे उघडतात, उत्तरे गोंधळलेली आहेत, दुखावल्यास हात त्या जागी नेतात. म्हणजे शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर १५ पैकी १२ गुण. रक्तातील साखर १०८. काखेतले तापमान ३९.४ अंश सेल्सिअस, गुदद्वारातील ४१.२.

काखेतील आणि गुदद्वारातील तापमानांतला हा फरक प्रसंगाचा कणा आहे. उष्माघातात शरीराच्या गाभ्याचे तापमान साधारण ४० अंशांच्या वर जाते आणि त्याच्या जोडीला मेंदूच्या कार्यात बिघाड दिसतो. काखेतला थर्मामीटर हे तापमान कमी दाखवू शकतो. ३९.४ हा आकडा पाहून विद्यार्थिनीला "ताप आहे" असे वाटते आणि तिचा हात पॅरासिटामॉलकडे जातो. उष्माघातात पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही, कारण येथे मेंदूतील तापमान-नियंत्रणाची पातळी वर सरकलेली नसते. शरीरात साठलेली उष्णता बाहेर टाकता येत नाही, ही अडचण असते. घाम पूर्ण थांबलेला असेलच असेही नाही. श्रमाच्या कामात असलेल्या रुग्णाचे अंग घामाने ओले असू शकते, त्यामुळे "घाम आहे, म्हणजे उष्माघात नाही" हा निष्कर्षही चुकतो. मॅनिकिनच्या कपाळावर पाणी आणि थोडे ग्लिसरीन यांचा फवारा मारून ठेवल्यास ही चूक प्रसंगातच समोर येते.

नियम असा ठेवावा की, विद्यार्थिनीने खरोखर केलेल्या तपासणीचाच निष्कर्ष तिला मिळेल. तिने काखेत थर्मामीटर लावला तर ३९.४ एवढेच सांगावे. "गुदद्वारातून तापमान घेते" असे ती नुसते म्हणाली तर आकडा देऊ नये. थर्मामीटर हातात घेऊन, पडदा ओढून, रुग्णाला कुशीवर वळवल्यावरच ४१.२ चे कार्ड पुढे करावे. बोलून दाखवलेले काम आणि केलेले काम यांतले अंतर वॉर्डात फार महाग पडते.

पुढचा प्रवाह दोन वाटांनी लिहून ठेवावा. पाच मिनिटांत कपडे सैल करून, अंगावर पाणी मारून, पंखा किंवा कूलर रोखून, काखा, मान आणि जांघांत बर्फाच्या पिशव्या ठेवून कूलिंग सुरू झाले, तर शिक्षकाने "आता वीस मिनिटे गेली आहेत" असे जाहीर करून तापमान ३९.६ आणि नाडी ११० दाखवावी, आणि रुग्णाने पत्नीचे नाव घ्यावे. कूलिंग सुरू झाले नाही किंवा केवळ औषधाची वाट पाहिली गेली, तर सहाव्या मिनिटाला झटके सुरू व्हावेत. येथे एक बारकावा आहे : ओल्या अंगावर वारा घालण्याची पद्धत नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगली चालते, कारण पाण्याचे बाष्पीभवन जलद होते, दमट हवेत तिचा परिणाम घटतो. बर्फाच्या पाण्यात बुडवणे सर्वांत वेगवान असले तरी प्रत्येक कॅज्युअल्टीत त्याची सोय नसते. तापमान ३९ अंशांच्या आसपास आल्यावर जोराचे कूलिंग थांबवायचे असते, अन्यथा ते गरजेपेक्षा खाली घसरते. विद्यार्थिनीने हे विचारले तर तिचे विशेष कौतुक करावे.

पत्नीची भूमिका एखाद्या शिक्षिकेने किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थिनीने करावी आणि ती आपल्या बोलीत करावी. "सिस्टर, पाहा न जी, हे काहीच्या काही बोलून राह्यले" असे वाक्य कानावर पडले की खोलीतील हवा बदलते. मॅनिकिनच्या माइकवरून "माहं पावडं कुठी गेलं?" असे पुन्हापुन्हा विचारत राहावे. कोरड्या आवाजात वाचलेल्या इंग्रजी तक्रारीपेक्षा हे चार शब्द शुद्ध हरपल्याची जाणीव अधिक स्पष्ट करून देतात. नातेवाइकाला रागावलेले दाखवण्याचा मोह टाळावा. या प्रसंगाचे उद्दिष्ट ते नाही.

डॉक्टरांना केलेला फोन हा प्रसंगाचा कळस मानावा. पलीकडे बसलेल्या शिक्षकाने सुरुवातीला थोडे घाईत बोलावे, कारण खरे आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) घाईतच असतात. विद्यार्थिनीकडून साधारण असे बोलणे अपेक्षित आहे : "सर, मी कॅज्युअल्टीतून सिस्टर बोलते आहे. पन्नाशीचे बांधकाम मजूर उन्हातून आणले आहेत, बरळत आहेत. गुदद्वारातील तापमान ४१.२, नाडी १३२, बीपी ९४/५८, शुगर १०८. मला उष्माघात वाटतो. कूलिंग सुरू केले आहे. तुम्ही आत्ता यावे." परिस्थिती, पार्श्वभूमी, स्वतःचे आकलन आणि मागणी हा एसबीएआरचा क्रम विद्यार्थिनींना पाठ असतो; अडते ते "मला उष्माघात वाटतो" या वाक्यापाशी. स्वतःचे मत डॉक्टरांपुढे मांडणे म्हणजे मर्यादा ओलांडणे, असा संकोच अनेकींच्या मनात खोल रुजलेला असतो. तो शिक्षकाच्या उपदेशाने जात नाही. ते वाक्य मोठ्याने, पुन्हापुन्हा उच्चारल्यानेच जातो.

प्रसंगापूर्वीची दहा मिनिटे

विद्यार्थिनींना आत सोडण्यापूर्वी प्रीब्रीफिंग, म्हणजे प्रसंगाची पूर्वसूचना, करावे. मॅनिकिन काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे स्पष्ट सांगावे : नाडी कोठे लागते, त्वचा तापत नाही म्हणून गरम स्पर्शाची माहिती शिक्षक देईल, डोळ्यांतील बाहुल्यांची प्रतिक्रिया कशी पाहायची. ऑक्सिजन, सक्शन, इमर्जन्सी ट्रे आणि फोन त्यांना स्वतः हाताळून पाहू द्यावा. भूमिका वाटून द्याव्यात. सहा ते आठ जणींच्या गटात तिघी पलंगाजवळ आणि बाकीच्या निरीक्षक अशी रचना ठीक असते, मात्र प्रत्येक निरीक्षकाला पाहण्याचे निश्चित काम द्यावे. एकीने केवळ वेळा नोंदवाव्यात, दुसरीने केवळ आपापसातील बोलणे ऐकावे.

त्यानंतर दोन वचने द्यावीत आणि ती पाळावीत. पहिले, येथे घडलेले या खोलीबाहेर जाणार नाही; चित्रीकरण केले असेल तर ते चर्चेनंतर पुसले जाईल. दुसरे, या प्रसंगाला गुण नाहीत. परीक्षेसाठी ऑस्की (ठरावीक टप्प्यांवर कौशल्ये तपासणारी प्रात्यक्षिक परीक्षा) वेगळी घ्यावी, वेगळ्या दिवशी घ्यावी. शिकण्याच्या आणि गुण मिळवण्याच्या जागा एकत्र आल्या की विद्यार्थिनी शंका विचारणे थांबवते आणि शिक्षकाला काय हवे आहे याचा अंदाज बांधू लागते.

प्रसंग चालू असताना शिक्षकाने मध्ये बोलू नये. विद्यार्थिनी गोंधळून उभी राहिली की सुचवण्याची ऊर्मी येते, ती आवरावी. अगदीच अडले तर पत्नीच्या तोंडून संकेत द्यावा : "अंग लय तापून राह्यलं जी." रुग्णाचा मृत्यू मात्र प्रसंगात दाखवू नये, ज्या प्रसंगाचे उद्दिष्टच मृत्यूनंतरची शुश्रूषा आणि नातेवाइकांशी संवाद हे आहे तो वगळता. विद्यार्थिनीच्या चुकीने मॅनिकिन मेले, हा अनुभव तिच्यावर बसलेला घाव ठरतो.

डीब्रीफिंग

डीब्रीफिंग म्हणजे प्रसंगानंतरची चर्चा. प्रसंग पंधरा मिनिटांचा असेल तर चर्चेला किमान तीस मिनिटे राखून ठेवावीत. वेळापत्रकात वेळ कमी पडली की पहिली कात्री याच तासाला लागते, आणि शिक्षण नेमके येथेच घडत असल्याने तो तोटा सर्वांत मोठा असतो. खोली बदलावी, सर्वांनी वर्तुळात बसावे, शिक्षकानेही त्याच उंचीच्या खुर्चीवर बसावे.

पहिली काही मिनिटे भावनांना द्यावीत. "कसे वाटले?" एवढाच प्रश्न पुरतो. कोणी रडली तर घाई करू नये. त्यानंतर घटनाक्रम गटाकडूनच काढून घ्यावा आणि मग विश्लेषणाकडे वळावे. विश्लेषणाचा प्रश्न विचारताना आपण काय पाहिले, त्याविषयी आपल्याला काय वाटले, आणि विद्यार्थिनीच्या मनात काय होते, हे तिन्ही एकत्र ठेवावे. उदाहरणार्थ : "तू काखेतले तापमान घेतलेस, ते ३९.४ आले, आणि लगेच पॅरासिटामॉलविषयी विचारलेस. मला काळजी वाटली, कारण रुग्ण त्या वेळी बरळत होता. तुझ्या मनात तेव्हा काय चालले होते?" हा प्रश्न आरोपही करत नाही आणि चूक लपवतही नाही. त्याला मिळणारे उत्तर बहुधा मोलाचे असते. "वॉर्डात आम्ही काखेतच घेतो" असे ती म्हणाली तर दोष ज्ञानाचा नसून सवयीचा आहे हे कळते. "पडदा नव्हता, मला संकोच वाटला" असे म्हणाली तर शिकवायचा विषय पूर्णपणे वेगळा आहे. "असे का केले नाहीस?" या प्रश्नाला मात्र केवळ मान खाली घालणे हेच उत्तर मिळते.

शांत बसलेल्या विद्यार्थिनींना नावाने, सौम्यपणे बोलते करावे. गडचिरोली किंवा मेळघाटातून आलेल्या मुलींना इंग्रजी पारिभाषिक शब्दांमुळे बोलायला जड जाते. चर्चा मराठीतच, गरज पडल्यास हिंदीत होऊ द्यावी. चर्चेनंतर तोच प्रसंग त्याच गटाकडून पुन्हा करून घ्यावा. वेळेअभावी दुसरी फेरी गाळली जाते, परंतु सुधारलेला फोन स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावर येणारा विश्वास हा या साऱ्या खटाटोपाचा परतावा असतो.

इतर प्रसंग

उष्माघाताची घडी बसली की विदर्भाला लागू पडणारे आणखी दोन-तीन प्रसंग तयार करावेत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातील वेदना-संकटाचा प्रसंग मला अत्यंत आवश्यक वाटतो. हा आजार येथील अनेक कुटुंबांत आहे, आणि वारंवार दुखणे घेऊन येणाऱ्या तरुण रुग्णाकडे "नाटक करतो" म्हणून पाहिले जाते. प्रसंगाचे उद्दिष्ट वेदनेची मोजणी करून वेळेत वेदनाशामकाची मागणी करणे हे ठेवावे. पुढच्या टप्प्यात छातीत दुखणे, ताप आणि ऑक्सिजनची घसरण दाखवून अक्यूट चेस्ट सिंड्रोमची (सिकलसेलमधील फुप्फुसांच्या गंभीर गुंतागुंतीची) शंका विद्यार्थिनीला येते का, ते पाहावे.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठी कमरेला बांधायचे मॉडेल आणि त्यामागे खरी व्यक्ती अशी जोड वापरावी. आई बोलते, घाबरते, पाणी मागते, आणि मॉडेलमधून कृत्रिम रक्त वाहते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत रक्त मोजणारी खुणांची पिशवी आणि उपचारांचा एकत्रित संच वापरल्याने तीव्र रक्तस्राव व त्याच्याशी संबंधित गंभीर परिणाम सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाले होते. त्यामुळे डोळ्यांनी अंदाज करण्याऐवजी रक्त मोजण्याची सवय नागपूरच्या डागा स्त्री रुग्णालयातील पोस्टिंगपूर्वीच लावता येते.

सर्पदंशात मण्यारचा प्रसंग निवडावा. रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन आलेला, दंशाची खूण जवळपास नसलेला रुग्ण. घोणसच्या प्रसंगात वीस मिनिटांच्या रक्त गोठण चाचणीसाठी स्वच्छ, कोरडी काचेची नळी निवडली जाते का, हे पाहण्यासारखे असते; प्लास्टिकच्या नळीत निष्कर्ष चुकतो.

सुरक्षितता आणि निगा

प्रशिक्षणाच्या प्रत्येक बाटलीवर, अँप्यूलवर आणि सलाईनवर "केवळ प्रशिक्षणासाठी" असे ठळक लिहावे आणि सत्र संपताच ते मोजून कुलुपात ठेवावे. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत, प्रशिक्षणासाठी बनवलेले व निर्जंतुक नसलेले सलाईन खऱ्या रुग्णांना दिले गेल्याचे उघड झाले आणि अनेक जण आजारी पडले. उलट दिशेनेही काळजी घ्यावी : मुदत संपलेली खरी औषधे सिम्युलेशन लॅबमध्ये आणू नयेत. डिफिब्रिलेटरचा खरा शॉक त्यासाठी बनवलेल्या मॅनिकिनवरच द्यावा.

मॅनिकिनच्या त्वचेवर बॉलपेनची शाई, बीटाचा रस, कुंकू आणि पोव्हिडोन आयोडीन यांचे डाग कायमचे बसतात. कृत्रिम रक्तासाठी ग्लिसरीन आणि खाद्यरंग वापरायचे असतील तर आधी पाठीमागे, न दिसणाऱ्या जागी थेंब टाकून पाहावे. नळ्या वापरल्यावर आतील पाणी पूर्ण काढून वाळवावे, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. उन्हाळी सुट्टीत बंद खोलीत, खिडकीजवळ मॅनिकिन ठेवू नये. वीज जाण्याचा धोका लक्षात घेऊन मॉनिटरला यूपीएस असावा.

वर्षाचे नियोजन

अमेरिकेतील राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चांगल्या दर्जाचे सिम्युलेशन पारंपरिक क्लिनिकल तासांपैकी निम्म्या तासांची जागा घेऊ शकते, असे दिसून आले; मात्र तेथील शिक्षक प्रशिक्षित होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर पद्धतशीर चर्चा झाली होती, ही अट त्या निष्कर्षापासून वेगळी काढता येणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेनेही बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात सिम्युलेशनला स्थान दिले आहे. कोणत्या विषयात किती तास धरायचे, ते परिषदेच्या आणि विद्यापीठाच्या चालू नियमांप्रमाणेच ठरवावे. वॉर्डातील पोस्टिंग कापून तेथे घाईचे, चर्चा नसलेले सिम्युलेशन भरू नये.

उष्माघाताचा प्रसंग मार्चमध्ये घ्यावा, म्हणजे एप्रिल-मेच्या कॅज्युअल्टी पोस्टिंगला तो ताजा असतो. सर्पदंशाचा जूनच्या सुरुवातीला, पेरणी सुरू होण्याआधी. पोस्टिंगवरून परतलेल्या विद्यार्थिनींना विचारावे की, प्रसंगातील कोणती गोष्ट वॉर्डात उपयोगी पडली आणि कोणती खोटी वाटली. खोटी वाटलेली गोष्ट त्याच आठवड्यात प्रसंगाच्या कागदावर दुरुस्त करावी, वर तारीख टाकावी, आणि पुढच्या बॅचला तोच सुधारलेला कागद वापरावा.